न वाजणारी लाइन

आमच्या घरातल्या वाय-फायचं नाव 'बेसनलाडू' आहे. गल्लीत कुणीही फोन उघडून आसपासची नेटवर्कं शोधली, की कुणाचं आडनाव दिसतं, कुणाच्या बंगल्याचं नाव दिसतं, कंपनीनं दिलेले निर्जीव आकडे दिसतात आणि त्यांच्या मधोमध, रोमन लिपीत, आमचा बेसनलाडू. हे नाव माझ्या नातवानं, निहारनं ठेवलं. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि फळीवरचा लाडवांचा डबा खाली काढायला मी साफ नकार दिला होता. पासवर्ड नातीनं, ईरानं ठेवला. तो इथं सांगत नाही, पण त्याचाही संबंध खाण्याशीच आहे.

यंदा वैशाखात मी हे नाव बदललं. फक्त एका दुपारपुरतं. आमच्या निवृत्त टेलिफोन कर्मचाऱ्यांच्या मंडळानं दिवाळी अंकासाठी माझ्याकडे एक्स्चेंजच्या आठवणी मागितल्या आहेत. संपादकांना ट्रंक कॉल, लाइटनिंग कॉल असलं काही हवं असणार. पण मला त्या दुपारखेरीज दुसरं काही लिहायला बसवत नाही. ईरा, निहार, त्या दिवशी फोनवर मी तुम्हाला "राउटर बदलला, सगळं ठीक आहे" एवढंच सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण पुरंही नव्हतं. तुम्ही मराठी सावकाश वाचता, म्हणून वाक्यं छोटी ठेवते.

आधी माझं काम काय होतं ते सांगते. तुमच्या वडिलांनासुद्धा ते नीट माहीत नाही. त्यांना वाटतं, आई डोक्याला हेडफोन लावून "नंबर प्लीज" म्हणायची. ते मी पहिली तीन वर्षं केलं. मिशनच्या शाळेतलं इंग्रजी होतं, आवाज स्पष्ट होता, म्हणून घेतलं. पण माझं खरं आयुष्य गेलं टेस्ट डेस्कवर. एखाद्याचा फोन बंद पडला की तक्रार आमच्याकडे यायची. आम्ही त्या लाइनीवर मीटर लावायचो आणि काटा किती हलतो त्यावरून सांगायचो, की वायर घराजवळ तुटली आहे, खांबावर ओल शिरली आहे, की ग्राहकानं रिसीव्हरच नीट ठेवलेला नाही. हे तिसरं कारण सांगताना आवाज फार गोड ठेवावा लागे. एका वकीलसाहेबांनी आठवड्यात चार वेळा तक्रार केली होती. चौथ्या वेळी मी विचारलं, "साहेब, फोनवर टॉवेल वाळत घालता का?" मग म्हणाले, "तुम्हाला तिथून दिसतं?"

दिसत नसे. काटा सांगायचा.

त्या नोकरीनं मला दोन गोष्टी दिल्या: प्रत्येक गोष्टीची नोंद करण्याची सवय, आणि नोंद केली म्हणजे ती गोष्ट आपल्या ताब्यात आली असा गर्व. घरात किल्ल्यांसाठी फळी आहे, तिच्यावर बारा खिळे आहेत, प्रत्येक खिळ्याखाली चिठ्ठी आहे. तुम्ही हसता त्या फळीला. हसा. पुढं ती कामाला येणार आहे.

आता मोठ्या दिवसाकडे येते. जुनं एक्स्चेंज जाऊन इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज येणार होतं. जुनं म्हणजे दोन मजले भरून खडखडणारी यंत्रं. शहरात कुणी नंबर फिरवला की तो आकडा त्या यंत्रात ऐकू यायचा. नवं म्हणजे थंड खोलीतली चार कपाटं. एका यंत्रणेवरून दुसरीवर सगळ्या लाइनी एकाच वेळी उचलून ठेवायच्या, याला आम्ही कटओव्हर म्हणायचो. त्याचा एकच नियम होता: ग्राहकाला कळता कामा नये. त्यानं जेवून उठून फोन उचलावा, आवाज यावा, नंबर तोच असावा. कळलं, तर आपण चुकलो.

कटओव्हर रविवारी दुपारी ठेवला होता. लाइनींची यादी करायचं काम माझं. मी महिनाभर खपले. प्रत्येक नंबरचं कार्ड काढलं, जोड्या लावल्या, तांबड्या आणि निळ्या पेन्सिलीनं खुणा केल्या. शेवटी एक गठ्ठा उरला. ज्या नंबरांचं मीटर वर्षभर एक आकडाही पुढं सरकलं नव्हतं, अशांचा. म्हणजे त्यांवरून एकही फोन केला गेला नव्हता. वेळ कमी होता. मी त्या गठ्ठ्यावर कागद लावला आणि लिहिलं, 'बंद'.

त्या रविवारी तुमच्या आजोबांना, आबांना, बजावलं होतं की आज घ्यायला येऊ नका, संध्याकाळ होईल. पण माझी ड्यूटी दोनला सुटते म्हटल्यावर ते दोनलाच येणार. सकाळची शाळा संपवून, मुलांच्या गणिताच्या वह्या डिकीत टाकून, ते रोज दोनला सायकल स्टँडजवळच्या कडुनिंबाखाली स्कूटर लावून उभे असत. त्या दिवशी शाळा नव्हती तरी आले. मी सहाला बाहेर आले तेव्हा ते स्कूटरच्या सीटवर वह्या ठेवून तपासत होते. हँडलला माझा डबा लटकत होता. "झालं का? सगळ्या लाइनी लागल्या?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सगळ्या. आणि मागं बसले. इतकी खूश मी लग्नातसुद्धा नव्हते. हे आबांना सांगू नका.

दहा दिवसांनी सकाळी एक गृहस्थ टेस्ट डेस्कला आले. पांढरं धोतर, डोक्याला रुमाल, हातात टोपली. पैठण रस्त्यावर त्यांचं मोसंबीचं शीतगृह होतं. त्यांना थोटे म्हणू. खरं नाव लिहीत नाही. टोपली त्यांनी माझ्या रजिस्टरवर ठेवली. आतली मोसंबी मऊ पडली होती, खालच्यांना बुरा आला होता. वास पहिल्यांदा मला आला, मग हॉलभर गेला.

"बाई, मला भांडायचं नाय," ते म्हणाले. "फकस्त एवढं दाखवा, माझा फोन तुमच्या वहीत हाय का नाय."

शीतगृहाच्या राखणदाराच्या खोलीत एक फोन होता. यंत्र बंद पडलं तरच त्यानं मालकाला फोन करायचा, एरवी हात लावायचा नाही, अशी ताकीद होती. वर्षभर यंत्र बंद पडलं नाही. मीटर हललं नाही. मी 'बंद' लिहिलं. आणि कटओव्हरनंतर आठवड्यात यंत्र बंद पडलं. राखणदार मुका फोन उचलत राहिला, ठेवत राहिला. शेवटी सायकलवर निघाला. तो पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मी त्यांना कार्ड दाखवलं. मीटर दाखवलं. शून्य होतं म्हणून, असं काहीतरी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. "कुत्रं भुकत नाय म्हंजे मेलं व्हय? चोर आला नाय म्हणून गप हाय ते."

आणि गेले. टोपली तिथंच ठेवून. लेखी तक्रार त्यांनी केली नाही. केली असती तर बरं झालं असतं, मला काहीतरी शिक्षा झाली असती. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी दर सोमवारी एक काम केलं, जे कुणी सांगितलं नव्हतं: ज्या लाइनींची तक्रार कधीच येत नाही, त्या एकेक करून तपासायच्या. नव्या मुलींनाही तेच शिकवलं.

इथं उठले होते. मागचं दार पाहून आले. बंद आहे. पुढं लिहिते.

निवृत्त झाल्यावर मला वाटलं, संपलं. तर घराघरांत राउटर आले. राउटर म्हणजे दुसरं काय, घरातलं छोटं एक्स्चेंजच. बाहेरून एक तार येते, आत पंधरा जण बोलतात. आधी आमचा राउटर मीच लावला, मग शेजारच्या शेळकेवहिनींचा, मग गल्लीनं मला सोडलंच नाही. शेळकेवहिनींचं सासर बिडकीनचं. शेती अजून तिकडेच आहे, मुलं इकडे नोकरीला, म्हणून त्या इथं. त्यांची तक्रार होती की नेट स्वयंपाकघराबाहेर येत नाही. जाऊन पाहिलं, तर धूळ बसू नये म्हणून त्यांनी राउटर स्टीलच्या डब्यात ठेवून वर झाकण लावलं होतं. झाकणावर हळदकुंकू. "खंडेनवमीला पुजला ना ताई, मग उघड्यावर कसा ठेवू?" म्हणाल्या. मी विचारलं, देवाला असं डब्यात कोंडलं तर तो ऐकेल का? तेव्हा झाकण निघालं. डबा अजून खाली आहे, सिंहासनासारखा.

राउटर बदलण्यात घाबरण्यासारखं काही नाही. लोक घाबरतात, कारण त्यांना एक गोष्ट कुणी सांगत नाही. घरातला फोन, टीव्ही, कॅमेरा, जे काही बिनतारी आहे, ते एकदाच नाव आणि पासवर्ड शिकतं. मग ते आयुष्यभर त्याच नावानं हाक मारत राहतं. नवा राउटर आणला आणि त्याला जुनंच नाव, जुनाच पासवर्ड, अक्षर न् अक्षर तसाच दिला, तर त्या बिचाऱ्यांना कळतही नाही की पलीकडचा बदलला आहे. हाक मारली, ओ आली, झालं. म्हणून जुना राउटर उपटण्याआधी त्याच्या सेटिंगच्या सगळ्या पानांचे फोटो काढावेत. नवा चालतो आहे हे दिवसभर बघितल्याशिवाय जुना पुसू नये. आणि घरात फिरून यादी करावी. हे मी गल्लीतल्या वीस घरांना सांगितलं असेल. ग्राहकाला कळता कामा नये. तोच नियम.

आता वैशाखातला तो दिवस.

आमचा राउटर दोन महिन्यांपासून धापा टाकत होता. तुमच्याशी बोलताना चित्र मध्येच थिजायचं. मला त्याचं काही नव्हतं, पण ईराचा चेहरा अर्ध्या हसण्यात अडकला की आबा कासावीस व्हायचे. "तिला काय झालं? ती बोलत का नाही?" मी सांगायचे, नेट गेलं. ते माझ्याकडे असं पाहायचे, की मीच तिला गप्प केलं आहे. तुम्हाला माहीत आहे, गेली तीन वर्षं त्यांना कालचं आठवत नाही, पण चाळीस वर्षांपूर्वीचं वर्गातल्या फळ्यावर लिहिल्यासारखं दिसतं. म्हणून ठरवलं, आता नवा राउटर.

अकराच्या सुमारास सय्यद आले. इंटरनेटवाल्यांकडून येणारे हेच. पन्नाशीचे आहेत, त्यांचे वडील आमच्या खात्यात लाइनमन होते, त्यामुळे माझ्याशी जरा अदबीनं वागतात. खारीनं बाहेरची तार कुरतडली होती. त्यांनी ती मागच्या अंगणातून नवी टाकली. त्यासाठी मागच्या दाराचं कुलूप मीच काढून दिलं. राउटर भिंतीला लावला, फोनवर नेटवर्कं बघितली आणि हसले.

"मॅडम, ये बेसनलाडू तुमचं हाय? पूरी गल्ली विचारते, कुणाचं म्हणून."

त्यांनी मनात काही ठेवून म्हटलं नव्हतं. पण मला लागलं. माझ्या हाताखाली चाळीस माणसं काम करायची, माझ्या सहीशिवाय शहरातली लाइन हलायची नाही, आणि सगळी गल्ली माझ्या घराला लाडू म्हणून ओळखते. सय्यद म्हणाले, "जुनंच नाव टाकून देऊ? सगळं आपोआप लागून जाईल." मी म्हटलं, नको, मी करते. चहा दिला आणि त्यांना वाटेला लावलं.

मग मी जुना राउटर उपटला आणि नव्याला नवं नाव दिलं. 'निवास' आणि आमचा घर क्रमांक. किती सभ्य. पासवर्डही नवा, भारदस्त. वही घेतली आणि घरभर फिरून एकेक वस्तूला नवं नाव शिकवलं. माझा फोन. आबांचा टॅब. टीव्ही. प्रिंटरनं अर्धा तास घेतला. फाटकावरचा कॅमेरा. बैठकीतला स्पीकर. सहा ओळी, सहा बरोबरच्या खुणा. खाली रेघ ओढली. सव्वा वाजला होता. आबांच्या खोलीतून रेडिओ ऐकू येत होता. मी स्वतःवर इतकी खूश होते की गॅसवर कुकर ठेवून चक्क गुणगुणत होते.

तेवढ्यात भिंतीपलीकडून शेळकेवहिनींची हाक आली.

"ताई, मागचं दार सताड उघडं हाय तुमचं. सर झोपलेत का?"

निहार, तुला आठवतं ना, मागच्याच्या मागच्या दिवाळीत आबा पहाटे दूध आणायला म्हणून मागच्या दारानं गेले होते आणि तिसऱ्या गल्लीतून कुणीतरी त्यांना परत आणलं होतं. तेव्हा तू त्या दाराला काडेपेटीएवढे दोन पांढरे तुकडे लावलेस. एक दारावर, एक चौकटीवर. दार उघडून ते दोन तुकडे एकमेकांपासून लांब गेले की माझ्या फोनवर आणि स्पीकरवर घंटा. तू गेल्यावर मी दाराला कुलूपच लावलं, त्यामुळे ती घंटा कधी वाजली नाही. त्या दिवशी सय्यदांसाठी काढलेलं कुलूप परत लावायचं राहिलं होतं. पडद्यामागं ते तुकडे दिसतही नसत. न वाजणं हेच त्यांचं काम. नेट तुटून ते मेले, तरी तसेच दिसायचे.

आणि माझ्या वहीत सहा ओळी होत्या.

खोलीत रेडिओ चालू होता. खुर्ची रिकामी. वहाणा नव्हत्या. त्यांचा फोन उशाशी. मी माझ्या फोनमध्ये दाराचं पान उघडलं. मागचं दार, संपर्क नाही. अकरा चाळीसपासून. म्हणजे मी लाडू पुसला त्या मिनिटापासून. मला, खरं सांगते, मोसंबीचा वास आला.

बाहेर ऊन असं होतं की डांबराला वहाण चिकटावी. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, डोक्यावर टोपी नाही. मी सय्यदना फोन केला. ते दोन गल्ल्या सोडून कुणाच्या गच्चीवर होते, पाच मिनिटांत आले. शेळकेवहिनींनी कुकर बंद केला, मला म्हणाल्या, "तुम्ही निघा, मी इथून हलत नाय. आले तर मी धरून बसते सरांना." आणि खरंच दारात स्टूल टाकून बसल्या.

आधी मुकुंदवाडी स्टेशन. ते आमच्यापासून चालत पंधरा मिनिटांवर, आणि माझ्या डोक्यात फक्त रूळ होते. सय्यदांच्या गाडीवर मागं बसून मी दोन्ही बाजूंची प्रत्येक सावली बघत गेले. फलाटावर चार माणसं होती, त्यांत आबा नव्हते. तिकिटाच्या खिडकीत विचारलं. रसवंतीवाल्याला विचारलं. त्यानं विचारलं, कपडे कसे आहेत? आणि मला सांगता येईना. दर वस्तूची नोंद ठेवणारी मी, सकाळी त्यांना कोणता सदरा घालून दिला ते मला आठवेना. सय्यद म्हणाले, "पांढरा, बारीक निळी रेघ. मी पाहिला ना." मी रुळांच्या दोन्ही टोकांना नजर जाईल तिथपर्यंत पाहिलं. मग पुन्हा पाहिलं.

तिथून आबांच्या शाळेकडे. ती कधीच दुसरीकडे हलली आहे. मग देवळाकडे. अडीच वाजून गेले. शेवटी ठरवलं, घरी जाऊन त्यांचा फोटो आणि डॉक्टरांची चिठ्ठी घ्यायची आणि चौकी गाठायची. वहिनी स्टुलावरच होत्या, त्यांनी नुसती मान हलवली. मी फोटोसाठी कपाटाची किल्ली घ्यायला फळीकडे हात नेला.

नववा खिळा रिकामा होता.

नवव्या खिळ्याखाली चिठ्ठी आहे, 'स्कूटर'. स्कूटर विकून अकरा वर्षं झाली. तिची जादा किल्ली फळीवर राहिली, कारण ती काढली की आबा अस्वस्थ होतात. मी घड्याळाकडे पाहिलं. तीनला दहा कमी होते. दोन, माझी ड्यूटी सुटायची वेळ, कधीच होऊन गेली होती.

ते हरवले नव्हतेच. ते मला घ्यायला गेले होते.

सय्यदांना मी नुसतं "जुनं एक्स्चेंज" म्हटलं. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. वाटेत मी काय विचार केला ते लिहिता येणार नाही. सिग्नलला गाडी थांबली की मी उतरून पळावं असं वाटायचं, एवढं आठवतं.

जुनी इमारत आता बहुतेक बंद असते. फाटकाला पहारेकरी आहे. सायकल स्टँडचं छप्पर गेलं, कडुनिंब आहे. त्याच्याखाली एका दगडावर आबा बसले होते. डोक्यावर ओला रुमाल, चेहरा तांबडालाल, मुठीत किल्ली. पहारेकऱ्यानं पाण्याची बाटली दिली होती. त्यांनी त्याला सांगितलं होतं, मॅडम आत कामात आहेत, त्यांना बोलावू नका, मी थांबतो. कुठल्या रिक्षावाल्यानं त्यांना तिथवर आणून सोडलं ते आजपर्यंत कळलेलं नाही. त्याचे आभार मानायचे राहून गेले आहेत.

मी जवळ गेले. ओरडायचं होतं. त्याऐवजी त्यांच्या डोक्यावरचा रुमाल नीट केला.

आबांनी मान वर केली. "उशीर झाला आज."

"कटओव्हर होता ना," मी म्हटलं.

"झाला का? सगळ्या लाइनी लागल्या?"

चाळीस वर्षांपूर्वी याच झाडाखाली मी एका शब्दात उत्तर दिलं होतं. या वेळी तसं देववेना.

"एक राहिली होती."

त्यांनी माझ्या हातात किल्ली ठेवली. "मग ती लावून ये आधी," म्हणाले. "मी आहे इथं."

सय्यद लांब जाऊन हेल्मेटचा पट्टा उगाच काढत-लावत उभे होते.

रिक्षानं घरी आलो. डॉक्टर येऊन गेले. ऊन लागलं होतं, दोन दिवस अशक्तपणा राहिला, पण निभावलं. पन्हं प्यायले आणि झोपले. तेव्हा मी राउटरपुढं बसले आणि माझं भारदस्त नाव पुसलं. जुन्या सेटिंगचा फोटो समोर ठेवून, अक्षर न् अक्षर, जुनं नाव आणि ईराचा पासवर्ड टाकला. मिनिटभर काही नाही. ज्या सहांना मी दुपारी नवं नाव शिकवलं होतं, त्यांनाही जुनं आठवतच होतं. मग एकेक करून सगळे परत आले. प्रिंटरसुद्धा, न कुरकुरता. सातवी ओळ सगळ्यांत शेवटी उगवली: मागचं दार, बंद आहे.

शेळकेवहिनी दाराशी उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. एकच वाक्य बोलल्या. "ताई, लाडवात वाईट काय होतं?"

मी वही उघडली आणि सातवी ओळ लिहिली.

तेव्हापासून मी रोज सकाळी सातला मागच्या दाराचं कुलूप काढते आणि दार उघडते. घंटा वाजते. वहीत खूण करते, दार लावते, कुलूप घालते. तरी दिवसातून पाच-सहा वेळा उठून बघते. हा लेख लिहितानाही किती वेळा उठले ते सांगत नाही. थोट्यांची टोपली उचलून बाहेर टाकायला त्या दिवशी एक्स्चेंजमध्ये कुणी पुढं झालं नव्हतं, शेवटी मीच टाकली होती. ती पुरती टाकली गेली नाही, असं आता वाटतं.

सातला घंटा वाजली की आबा आतून रोज विचारतात, "मुलं आली का?"

मी म्हणते, "नाही हो, लाइन तपासतेय."

"तपास," म्हणतात.

ईरा, निहार, तुमच्या फोनांनाही ते जुनं नाव पाठ आहे. फाटकापाशी आलात की ते आपोआप लागतील, पाहुण्यांसारखा पासवर्ड विचारावा लागणार नाही. पण याल तेव्हा पुढच्या दारानं येऊ नका. गल्लीच्या तोंडाशी आलात की मला कळवा, मी मागचं कुलूप काढून ठेवीन. तुम्ही दार ढकला, घंटा वाजू द्या. आबा विचारतील. एकदा तरी मला त्यांना 'हो' म्हणू द्या.